तारकर्लीला निघताना थर्मास भरून घ्या

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली आणि पोरांना दिवाळीची सुट्टी लागली, की कळस, बोरी, जंक्शन, वालचंदनगर या आपल्या पट्ट्यातून गाड्या कोकणाकडे वळतात. बारामती, फलटण, सातारा, कोल्हापूर करत फोंडा नाहीतर गगनबावडा उतरायचा आणि मालवण गाठायचं. पूर्वी या सहलीत समुद्र काठावरूनच बघायचा असे. गुडघाभर पाण्यात फोटो काढले, सुरमईचं ताट जेवलं, की सहल झाली. आता मालवण-तारकर्लीला गेलेला माणूस स्कूबा केल्याशिवाय परतत नाही. पर्यटन महामंडळाचं केंद्र तारकर्लीत आहे, शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या खाजगी होड्या आहेतच. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना पाण्याची भीती नसते. अडचण अशी, की विहिरीत चावणारं-टोचणारं फारसं काही नसतं आणि समुद्रात असतं.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे घरचे जाऊच देणार नाहीत असं व्हायला नको. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकाला बसणारे बहुतेक डंख दुखरे असतात, जीवघेणे नसतात. जिवाला धोका होतो तो डंख बसल्यावर माणूस पाण्याखाली घाबरला तर, किंवा वर आल्यावर भलते उपाय झाले तर. आणि भलते उपाय सांगणाऱ्यांची किनाऱ्यावर कमी नसते. कोणी वाळू चोळायला सांगतो, कोणी दारू ओतायला, आणि एखादा तरी त्यावर लघवी करायला सांगतोच. यातलं काहीही करायचं नाही.

करायचं काय, ते कशाने टोचलं यावर ठरतं. समुद्रातला डंख ढोबळमानाने दोन जातींचा असतो. एक काट्याचा आणि दुसरा तंतूंचा.

काट्याचा डंख आपल्याकडे उजनीच्या काठच्या माणसांना सांगायला नको. जाळ्यात शिंगटा आला की तो सोडवणारा हात आपोआप सावध होतो. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक असे त्याला तीन टणक काटे असतात. मासा घाबरला की हे काटे ताठ उभे करतो आणि बुडाशी असलेल्या सांध्यात अडकवून ठेवतो. मग तो मेला तरी काटा खाली बसत नाही. जाणता माणूस शिंगट्याला वरून मुठीत धरत नाही. डोक्यामागून, बाजूचे काटे दोन बोटांच्या बेचक्यात येतील असा धरतो, म्हणजे माशाने कितीही अंग वळवलं तरी काट्याचं टोक तळव्याकडे येत नाही. काट्यावर कातडीचा पातळ पापुद्रा असतो आणि विष त्यातल्या ग्रंथींत असतं. टोचताना पापुद्रा फाटतो आणि विष जखमेत उतरतं. म्हणून जखम सुईएवढी असली तरी ठणका कोपरापर्यंत चढतो.

समुद्रात हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. समुद्री शिंगाळ्याचे काटे असेच असतात. पाकटाच्या शेपटीवर दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असलेला काटा असतो. पिसाऱ्यासारखे पर पसरून खडकाशी तरंगणारा देखणा लायनफिश आपल्या पाठीवरचे विषारी काटे मिरवतच असतो. अंदमान-लक्षद्वीपला गेलात तर तिथला स्टोनफिश इतका दगडासारखा दिसतो, की पाय पडेपर्यंत तो मासा आहे हे कळत नाही. आणि खडकांच्या खबदाडीत सी अर्चिन असतात, काळे लांब काटे चहूबाजूंनी उभे असलेले गोळे. पोरं हटकून उचलायला जातात ते हेच.

पाकटाचा एक प्रसंग मुंबईकर विसरलेले नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर उथळ पाण्यात उतरलेल्या साठहून अधिक लोकांना पाकटांचे डंख झाले. पाकट अंगावर धावून येत नाही. तो वाळूत अंग पुरून पडलेला असतो, पाठीवर पाय पडला की शेपूट उसळते आणि काटा घोट्यात किंवा पोटरीत घुसतो. म्हणून वाळूच्या तळावर चालताना पाऊल उचलून टाकायचं नाही, तळव्याने वाळू घासत पुढे सरकायचं. पायाची चाहूल लागली की पाकट निघून जातो. मऊ रबरी बुटांवर फार भरवसा ठेवू नका, मोठ्या पाकटाचा काटा त्यातून आरपार जातो. घासत चालण्याची सवय बुटांपेक्षा जास्त कामाची.

काट्याच्या डंखावर पहिलं औषध म्हणजे गरम पाणी. ही विषं प्रथिनांची बनलेली असतात आणि उष्णतेने त्यातली बरीचशी मोडतात. शिवाय उष्णतेने दुखण्याची जाणीवही दबते. पाणी हवं ४२ ते ४५ अंश सेल्सियसचं, म्हणजे सोसवेल इतकं कडक, आणि टोचलेला हात-पाय त्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. मध्येच थांबवल्यावर ठणका परतला तर पुन्हा बुडवायचा.

आता होडीत गरम पाणी कुठून आणायचं? म्हणून मथळ्यातला थर्मास. सकाळी निवासाच्या ठिकाणी उकळतं पाणी भरून घेतलं, तर चांगल्या थर्मासात दुपारपर्यंत ते ऐंशी अंशांच्या आसपास राहतं. त्या पाण्याचा एक पेला आणि साध्या पाण्याचे दोन पेले मिसळले, की पंचेचाळीसच्या जवळ येतं. पाणी ताजं उकळतं असेल तर एकाला तीन. बादली नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवीही चालते, तीत पाऊल सहज मावतं. मात्र पाणी किती गरम आहे हे ज्याला डंख झालाय त्याने ठरवायचं नाही. दुखण्याने त्याची जाणीव बधिर झालेली असते आणि तो पाय भाजून घेतो. सोबत्याने स्वतःचं कोपर बुडवून पाहावं. मधुमेहाने पायाला मुंग्या येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे दोनदा पाहावं. थर्मासात चहा असला तरी बिघडत नाही, तो पिऊन टाका आणि टपरीवरून त्यात गरम पाणी भरून घ्या.

काटा वरवर दिसत असेल तर चिमट्याने काढावा. पण तो छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर अजिबात उपटायचा नाही. आहे तसा कापडाने आधार देऊन रुग्णालय गाठायचं. ऑस्ट्रेलियातला प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाचा काटा छातीत शिरूनच गेला. हातापायाची खोल जखमही डॉक्टरांना दाखवावीच. काट्याचा तुकडा आत राहिला का, हे क्ष-किरण किंवा सोनोग्राफीत कळतं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. अशी जखम लगेच टाके घालून बंद करा म्हणून हट्ट धरू नका, डॉक्टर ती बहुधा काही दिवस उघडी ठेवतात. सी अर्चिनचे काटे ठिसूळ असतात आणि कातडीत तुटतात. किनाऱ्यावर कोणी दगडाने ठेचून काढू म्हणालं तर पाय मागे घ्या. वरवरचे बारीक तुकडे अनेकदा आपोआप विरतात किंवा बाहेर पडतात, मात्र सांध्याजवळ रुतलेला तुकडा डॉक्टरांनीच काढलेला बरा.

दुसरी जात तंतूंची. जेलीफिश, ब्लू बॉटल आणि खडकांवर नेच्यासारखे वाढणारे हायड्रॉइड या गटात येतात. यांच्या तंतूंवर हजारो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत गुंडाळी करून ठेवलेला विषारी धागा असतो. स्पर्श झाला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटतो. या पेशींना जनावर जिवंत असण्याची गरज नसते. किनाऱ्यावर मरून वाळत पडलेलं जेलीफिश, किंवा तुटून पाण्यात तरंगणारा एकटा तंतूसुद्धा तसाच डसतो. निळ्या फुग्यासारखं दिसणारं ब्लू बॉटल पावसाळ्यातल्या वाऱ्याबरोबर मुंबईच्या किनाऱ्यांवर येतं, आणि मुलं त्याला फुगा समजून फोडायला जातात. त्याचा फुगा वीतभरही नसतो, पण तंतू कितीतरी लांब पसरलेले असतात.

गोव्यात नोव्हेंबर २०२० मध्ये दोन दिवसांत नव्वदहून अधिक पर्यटकांना जेलीफिशचे डंख झाल्याची नोंद तिथल्या जीवरक्षकांनी केली. बागा ते सिंकेरी पट्ट्यात त्यातले बरेच होते. आपल्या सहलीचा महिना नेमका तोच, हे लक्षात ठेवा.

तंतूंचा डंख बसला की पहिल्या मिनिटात काय होतं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. अंगाला चिकटलेल्या तंतूंवर न फुटलेल्या पेशी अजून शिल्लक असतात. हाताने घासलं, टॉवेलने पुसलं, वाळू चोळली, की त्या फुटतात. बाटलीतलं गोडं पाणी ओतलं तरी फुटतात, म्हणून धुवायला समुद्राचंच पाणी घ्या, हलक्या धारेने. उरलेले तंतू चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचला. काही नसेल तर एटीएम कार्डाच्या कडेने, पण खरवडून नव्हे, तंतूखाली कड सरकवून अलगद उचलायचा. मग पुन्हा गरम पाणी, तेच ४५ अंशांचं, निदान वीस मिनिटं. छातीवर किंवा पाठीवर डंख असेल तर गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहावं.

बर्फ की गरम पाणी, यावर किनाऱ्यावर हमखास वाद होतो. ब्लू बॉटलपुरता तो बऱ्यापैकी निकालात निघालेला आहे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल भागात ब्लू बॉटल डसलेल्या ९६ जणांवर झालेली तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ४५ अंशांचं गरम पाणी दिलं, निम्म्यांना बर्फ. वीस मिनिटांनी गरम पाणीवाल्यांपैकी ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं होतं, बर्फवाल्यांपैकी ३३ टक्क्यांचं. गरम पाणी मिळतच नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, काहीच न करण्यापेक्षा बरा.

व्हिनेगरचं जरा नीट समजून घ्या, कारण इंटरनेटवर वाचून लोक बाटली घेऊनच येतात. बॉक्स जेलीफिश या खरोखर जीवघेण्या जातीवर व्हिनेगर उपयोगी आहे. ते न फुटलेल्या पेशी निकामी करतं, झालेलं दुखणं मात्र थांबवत नाही. अंदमानला किंवा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला जाणाऱ्याने ते जवळ ठेवावं. ब्लू बॉटलवर ते ओतावं की नाही, याबद्दल तज्ज्ञांतच दोन मतं आहेत, आणि ऑस्ट्रेलियातली प्रथमोपचाराची शिफारस ओतू नका असं सांगते. माझं मत विचाराल तर मालवण-गोव्याच्या सहलीत समुद्राचं पाणी आणि गरम पाणी एवढ्यावरच थांबा. डोळ्यात तर व्हिनेगर कधीच घालायचं नाही. डोळ्याला तंतू लागला तर सलाइनने किंवा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत डॉक्टरांकडे जायचं.

आता प्रत्यक्ष पाण्याखालचं. मालवणात नवख्यांना नेतात ते साधारण पंचवीस-तीस फुटांपर्यंत, आणि प्रशिक्षक सिलिंडरला धरून सोबतच असतो. अशा बुडीत डंख टाळायचा एकच मोठा नियम आहे: हात आपल्यापाशी ठेवायचे. फोटोसाठी खडकाला धरायचं नाही, प्रवाळावर उभं राहायचं नाही. खडकाच्या भेगेत बोट घालणारा माणूस आत कोण राहतंय हे पाहून घालत नाही. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तोडलेला तुकडा घरी आणला तर डंखाबरोबर गुन्हाही पदरात पडतो. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख जिवंत असतील तर उचलू नका. कोन शंखाला विषारी बाण मारता येतो आणि त्याच्या काही जातींनी माणसं मेली आहेत.

होडीच्या नांगराचा किंवा बोयाचा दोर उघड्या हाताने धरताना आधी पाहा. बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या दोरावर हायड्रॉइड वाढतात, शिवाय वाहत आलेले जेलीफिशचे तंतू त्याला गुंडाळलेले असतात. अंगभर लायक्राचा किंवा वेटसूटचा पोशाख मागून घ्या. बाह्या नसलेला सूट देत असतील तर निदान आत पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घाला. तंतूंच्या पेशींना पातळ कापडसुद्धा अडवतं. वर येताना मान वर करून पाहा, कारण जेलीफिश बहुधा वरच्या थरात असतात. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी होडीवाल्याला सरळ विचारा, आज जेलीफिश आहेत का? तो रोज त्याच पाण्यात असतो, खरं सांगतो.

पाण्याखाली डंख बसलाच, तर ओरडून वर धाव घ्यायची नाही. हे मी दुखण्याच्या उपायांपेक्षाही जोर देऊन सांगतो. सिलिंडरची हवा घेतलेला माणूस श्वास रोखून झटकन वर आला, तर वर पाण्याचा दाब कमी झाल्याने छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, पंधरा-वीस फूटही पुरतात. श्वास चालू ठेवा, प्रशिक्षकाला खूण करा आणि त्याच्याबरोबर सावकाश वर या. खुणा उतरण्याआधी शिकवतात, पण हसण्या-खिदळण्यात त्या निसटतात. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिनसलं असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि जिथे दुखतंय तिकडे बोट दाखवायचं.

रापणीबद्दलही सांगायला हवं. सकाळी तारकर्ली-वायरीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर पर्यटक दोर ओढायला धावतात. मच्छीमारांना त्याचं काही वाटत नाही, उलट मौजच वाटते. ओढा खुशाल. पण जाळं वाळूवर आलं की चार पावलं मागे व्हा. त्या जाळ्यात बांगडे-तारल्यांबरोबर शिंगाळे, छोटे पाकट, जेलीफिश आणि कधीकधी समुद्री सापही असतात. समुद्री सापाचा चावा हा वेगळाच विषय आहे. तो फारसा दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही तासांनी अंगभर स्नायू दुखायला लागतात, लघवी काळपट होते. आपल्याकडे सर्पदंशावर मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते, समुद्री सापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून चावलेला भाग हलू न देता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे पाणी-क्षारांवर आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवता येतं, गरज पडली तर श्वासाला आधार देता येतो.

कशाचाही डंख असो, श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ-जीभ सुजणं, उलट्या, भोवळ यातलं काही दिसलं की घरगुती उपाय बंद. १०८ ला फोन करा. लहान मूल असेल, डंख मानेवर, चेहऱ्यावर किंवा फार मोठ्या भागावर असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांना ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि गोव्यात असाल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. विंचवाच्या डंखावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेल्या प्राझोसिनच्या गोळ्या आपल्या भागात अनेकांना ऐकून माहीत आहेत. त्या समुद्री डंखावर स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यांनी रक्तदाब उतरतो. आणि डंखाच्या वर करकचून दोरी बांधायची जुनी सवय इथेही नको.

सोबत न्यायची पिशवी लहानशीच असते. थर्मास, चिमटा, सलाइनची बाटली, स्वच्छ पट्टी, पॅरासिटामॉल आणि खाजेसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेली सेट्रिझिन. ज्याला कशाचीही तीव्र ॲलर्जी आहे त्याने पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकाला तसं सांगावं. यकृताचा आजार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असणाऱ्याने, तसंच रोज दारू घेणाऱ्याने, उघडी जखम घेऊन समुद्रात जाऊच नये. खाऱ्या पाण्यातल्या काही जिवाणूंचा संसर्ग अशा शरीरात एका दिवसात हाताबाहेर जातो. जखमेभोवती लाली झपाट्याने पसरली, फोड आले, ताप चढला, तर सहल अर्धवट टाकून रुग्णालय गाठायचं.

घरी परतल्यावरही थोडं लक्ष ठेवा. जेलीफिशचे वळ आठवड्याभराने पुन्हा लाल होऊन खाजू शकतात. ते नवं विष नसतं, शरीराची उशिरा आलेली प्रतिक्रिया असते आणि ती बहुधा साध्या मलमाने बसते. पण टोचलेल्या जागी दोन-चार आठवड्यांनी गाठ आली, ती चिघळत राहिली आणि नेहमीच्या गोळ्यांनी हटली नाही, तर कळसच्या दवाखान्यात असा किंवा बारामतीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे, मालवणच्या समुद्रात काटा रुतला होता हे पहिल्याच वाक्यात सांगा. पाण्यात राहणारा एक जिवाणू, क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद, अशाच जखमेतून शिरतो. त्याची औषधं वेगळी असतात, ती काही महिने घ्यावी लागतात, आणि इतक्या आतल्या तालुक्यातल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांना त्याची शंका सहसा आपणहून येत नाही.